कमान भरूनही पाटा पुन्हा का बसतो? जुन्या गाड्यांच्या पाट्यांचे निदान आणि दुरुस्ती

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. गाडी एका अंगाला कलली किंवा मागून खाली बसली म्हणून पाटे (लीफ स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) उतरवले, त्यांना कमान भरून घेतली, म्हणजे गेलेला बाक पुन्हा दिला, गाडी पुन्हा सरळ उभी राहिली; आणि काही महिन्यांत, कधी कधी तर काही आठवड्यांतच, ती पूर्वीइतकी खाली आली. त्यानंतर पुन्हा कमान भरणे, एखादा जादा पाटा घालणे, शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारा झुलता दुवा) लांब करणे असे उपाय एकामागून एक होत राहतात आणि प्रत्येक उपायाने मूळ दोष अधिकच झाकला जातो. माझ्या मते याची कारणे बहुधा दोन असतात. पाटा उतरवण्यापूर्वी निदान पुरते झालेले नसते, किंवा थंड पोलाद वाकवताना त्याच्या आत काय घडते याचा विचार झालेला नसतो. या दोन्ही गोष्टी येथे सविस्तर मांडत आहे.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘पाटा जुना झाला म्हणून मऊ पडला’ असे सर्रास म्हटले जाते, परंतु पोलादाचा लवचिकतेचा गुणांक वयाने बदलत नाही. तो सुमारे २०० गिगापास्कल असतो आणि पन्नास वर्षे वापरलेल्या पाट्यातही तेवढाच राहतो. पाणी दिल्यानेही, म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण केल्यानेही, त्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. म्हणून केवळ बसलेला पाटा, म्हणजे ज्याची कमान कमी झाली आहे परंतु जाडी शाबूत आहे असा पाटा, ठरावीक वजनाला पूर्वीइतकाच दबतो. फक्त तो दबायला सुरुवात करतो ती खालच्या जागेवरून. ताठरपणा खरोखर कमी होतो तो जाडी झिजल्यामुळे, आणि तेथे हिशेब फार कठोर आहे, कारण ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ६ मिलिमीटरचा पाटा गंजाने आणि घर्षणाने ५.४ मिलिमीटरवर आला, म्हणजे प्रत्येक बाजूने जेमतेम ०.३ मिलिमीटर गेला, तरी त्या पाट्याचा ताठरपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. उंची गेलेल्या पाट्याला कमान देऊन उपयोग होऊ शकतो. जाडी गेलेल्या पाट्याला कितीही कमान दिली तरी तो वजनाखाली जास्तच दबणार. हा भेद मनात पक्का असेल तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

दोष पाट्यातच आहे का?

गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, चारही टायर एकाच मापाचे असल्याची खात्री करावी आणि हवा नेमून दिलेल्या दाबाइतकी भरावी. इंधनाची टाकी एका बाजूला असेल तर ती किती भरलेली आहे याचीही नोंद घ्यावी. त्यानंतर गाडी थोडी पुढे-मागे ढकलावी, म्हणजे टायरमध्ये अडकलेला आडवा ताण मोकळा होतो. मोजमाप जमिनीपासून बॉडीपर्यंत न घेता चाकाच्या मध्यापासून चासीवरच्या निश्चित बिंदूपर्यंत घ्यावे, कारण जुन्या गाडीची बॉडी तिच्या आधारांवर स्वतःच कललेली असू शकते.

एकदाच मोजून थांबू नये. पाट्यांच्या थरांमध्ये घर्षण असते आणि त्यामुळे गाडी ज्या दिशेने येऊन थांबली त्यानुसार तिची उंची वेगळी दिसते. गाडी हाताने खाली दाबून हळूच सोडावी आणि मोजावे. मग बंपरला धरून वर उचलून हळूच सोडावी आणि पुन्हा मोजावे. या दोन आकड्यांची सरासरी ही खरी उंची समजावी. दोन्ही आकड्यांतला फरक मोठा असेल तर तीच एक महत्त्वाची माहिती आहे: पाटे कोरडे पडले आहेत, गंजाने एकमेकांना धरून बसले आहेत किंवा शॅकल अडकली आहे. अशा गाडीचे पाटे कमान भरायला नेणे म्हणजे भलत्याच रोगावर औषध देणे होय.

पुढची तपासणी फार कमी लोक करतात, आणि ती न केल्यामुळेच कित्येक चांगले पाटे विनाकारण उतरवले जातात. गाडी मागून डावीकडे कलली आहे असे दिसते, पण कलण्याचे मूळ पुढच्या उजव्या किंवा डाव्या पाट्यात असू शकते, कारण चासी ताठ असते आणि एका टोकाचा पीळ दुसऱ्या टोकाला दिसतो. पुढच्या आडव्या बीमच्या बरोबर मध्यभागी जॅक लावून पुढची चाके जमिनीवरून सुटतील इतकीच गाडी उचलावी. आता पुढचा भाग एका बिंदूवर मोकळा झुलू शकतो, त्यामुळे पुढच्या पाट्यांचा कलण्यावर परिणाम उरत नाही. मागचा भाग सरळ झाला तर दोष पुढे आहे. तो तसाच कललेला राहिला तर दोष मागे आहे. हीच कृती उलट बाजूनेही करावी. जॅक मध्यभागी असल्यामुळे गाडी एका बाजूला झुकू शकते, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे अंतर सोडून स्टँड ठेवलेले असावेत आणि गाडीखाली कोणीही जाऊ नये.

काही गाड्यांमध्ये डावा आणि उजवा पाटा मुळातच वेगळा असतो, कारण चालकाची बैठक, टाकी किंवा बॅटरी एका बाजूला असते. दुरुस्ती पुस्तिकेत दोन्ही बाजूंना वेगळे भाग-क्रमांक दिलेले असतील तर पाटे पूर्वी कधीतरी अदलाबदल होऊन बसले असण्याची शक्यता तपासावी. त्याचप्रमाणे ज्या पाट्याचा सेंटर बोल्ट (सगळे थर एकत्र ओवणारा मधला बोल्ट) बरोबर मध्यावर नसून एका टोकाकडे सरकलेला असतो, तो उलटा बसवला तर अॅक्सलच पुढे किंवा मागे जाते.

तुटलेला पाटा काय सांगतो

बसण्यामागे पुष्कळदा आतला एखादा तुटलेला पाटा असतो आणि तो बाहेरून दिसत नाही, कारण क्लिपांनी आणि चिखलाने सगळे एकत्र धरून ठेवलेले असते. तारेच्या ब्रशने कडा साफ करून उजेडात नीट पाहिल्यास भेग किंवा गंजाची ताजी तांबूस रेषा सापडते. पाटे सुटे केल्यावर शंका असलेल्या जागी भेग दाखवणारा रंग वापरावा.

तुटण्याची जागा ही कारणाची खूण असते, आणि तिचा अर्थ लावल्याशिवाय नवा पाटा घातल्यास तोही तेथेच तुटतो. सेंटर बोल्टच्या भोकातून पाटा तुटला असेल तर जवळजवळ नेहमीच संचाला अॅक्सलवर आवळणारे यू-बोल्ट ढिले राहिलेले असतात. यू-बोल्ट घट्ट असताना अॅक्सलच्या बैठकीवरचा मधला भाग वाकतच नाही, म्हणून तेथे भोक असूनही चालते. ते ढिले झाले की सर्वांत जास्त वाकण्याचा ताण नेमका सर्वांत कमकुवत जागी, म्हणजे भोकापाशी, पोचतो. सेंटर बोल्ट स्वतः तुटण्याचे कारणही हेच. त्याचे काम पाटे एकत्र ठेवणे आणि त्याच्या डोक्याने अॅक्सलची जागा निश्चित करणे एवढेच आहे. ब्रेकचा आणि चाकांचा जोर यू-बोल्टच्या घट्ट पकडीने पेलला पाहिजे. सेंटर बोल्ट वारंवार तुटत असेल तर अधिक मजबूत बोल्ट शोधण्यापेक्षा यू-बोल्ट, त्यांच्या खालची प्लेट आणि अॅक्सलची बैठक तपासावी.

पाटा यू-बोल्टच्या प्लेटच्या कडेला तुटला असेल तर प्लेटची धार किंवा वारंवार होणारे जादा वजन कारणीभूत असते. मुख्य, म्हणजे सर्वांत वरचा आणि लांब, पाटा डोळ्याजवळ (पिन जाते त्या टोकाच्या गोल वळणाजवळ) तुटला असेल तर शॅकलची पिन अडकल्यामुळे तेथे पीळ बसत असतो. अधल्यामधल्या जागी एकटा मुख्य पाटा तुटला असेल तर क्लिपा पाहाव्यात. गाडी खड्ड्यातून उसळते तेव्हा पाट्याला उलट दिशेने जोर बसतो आणि क्लिपा नसतील तर तो सगळा मुख्य पाट्यालाच सोसावा लागतो. क्लिपा असतील तर खालचे पाटेही त्यात वाटेकरी होतात. मात्र क्लिप इतकीही आवळू नये की पाटे तिच्यातून घसरू शकणार नाहीत. क्लिपच्या बोल्टवर जी छोटी नळी असते ती याचसाठी, आणि ती हरवली असेल तर नवी बनवून घालावी.

मधोमध गंजाचा खड्डा, वेल्डिंगचा उडालेला थेंब किंवा हातोड्याचा घाव यांपासून सुरू झालेली भेगही आढळते. पाट्यावर वेल्डिंग कधीही करू नये, त्याच्या जवळ करतानाही तो झाकून ठेवावा, आणि गॅसच्या ज्वालेने एखादी जागा तापवून उंची वाढवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. तापलेल्या जागी पाणी उतरते आणि पाटा रस्त्यावर तुटू शकतो.

कमान भरणे: चूक कोठे होते

आता मुख्य प्रश्न. थंड पाटा प्रेसमध्ये किंवा ऐरणीवर घालून वाकवला, कमान आली, गाडी उंच झाली. मग ती पुन्हा खाली का बसते?

नेहमीच्या अर्धलंबवर्तुळाकार पाट्याची खोलगट बाजू वर असते. गाडीचे वजन आले की पाटा सपाट होऊ लागतो, म्हणजे त्याची वरची, खोलगट बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. थंड पाट्याची कमान वाढवताना आपण नेमके याच्या उलट करतो: खोलगट बाजू इतकी दाबतो की ती कायमची आखडते. प्रेस सोडल्यावर पाटा थोडा मागे उसळतो आणि त्या उसळीत आखडलेल्या खोलगट पृष्ठभागात ओढीचा ताण अडकून राहतो. गाडी उभी करण्यापूर्वीच पाट्याच्या वरच्या पृष्ठभागात ओढ साठलेली आहे आणि गाडीचे वजनही तेथे ओढच आणणार आहे. दोन्हींची बेरीज झाली की पोलादाची सहनशक्ती लवकर संपते आणि पाटा पुन्हा कायमचा वाकतो, म्हणजे बसतो. तो बसला नाही तरी भेग पडण्याचा धोका वाढलेला असतो, कारण थकव्याच्या, म्हणजे वारंवार भार येऊन पडणाऱ्या, भेगा ओढीच्या पृष्ठभागावरच सुरू होतात.

नवा पाटा तयार करताना चांगले कारखाने याच तत्त्वाचा उलट उपयोग करतात. पाटा हव्या त्या कमानीपेक्षा जास्त कमान देऊन घडवतात, त्याला पाणी देतात, टेंपर करतात (ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापवतात) आणि शेवटी नेहमीच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दाब देऊन त्याला एकदा मुद्दाम बसवून घेतात. त्या दाबाखाली खोलगट बाजू कायमची थोडी लांबते आणि दाब काढल्यावर तिच्यात दाबाचा ताण शिल्लक राहतो. आता गाडीच्या वजनाने येणारी ओढ आधी तो शिल्लक दाब खर्च करते आणि मगच पोलादाला खरी ओढ जाणवू लागते. ज्याला पुढे बसायचे होते तो पाटा कारखान्यातच बसून घेतो. त्याच हेतूने ओढीच्या पृष्ठभागावर पोलादी छऱ्यांचा मारा करतात. त्यानेही पृष्ठभागात दाब भरला जातो आणि पाट्याचे आयुष्य पुष्कळ वाढते. एकाच प्रेसने एका दिशेला वाकवले तर पाटा दुबळा होतो आणि दुसऱ्या दिशेला वाकवले तर बळकट होतो, हे ध्यानात घेतले की थंड कमान का टिकत नाही याचे कोडे उरत नाही.

म्हणून कमान भरायचीच असेल तर ती भट्टीतून व्हावी. पाट्यांचा संच पूर्ण सुटा करून प्रत्येक पाटा स्वतंत्रपणे लाल तापवावा, साच्यावर घडवावा, पुन्हा योग्य तापमानाला आणून तेलात बुडवून पाणी द्यावे आणि ताबडतोब टेंपर करावा. क्रोमियमयुक्त स्प्रिंग पोलादासाठी पाणी देण्याचे तापमान साधारण ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि टेंपरिंगचे तापमान बहुधा ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान असते. तयार पाट्याचा कठीणपणा रॉकवेलच्या सी मापावर सुमारे ४२ ते ४८ यावा. त्याहून फार कमी असेल तर पाटा बसेल. फार जास्त असेल तर तुटेल. सगळ्या पाट्यांचा कठीणपणा मोजून लिहून द्यावा अशी मागणी काम देतानाच करावी. ज्या कारखान्याकडे भट्टीचे तापमान मोजण्याची आणि कठीणपणा तपासण्याची सोय नाही, त्याला हे काम देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट या कामात हमखास बिघडते. सुटे केलेले पाटे एकमेकांवर ठेवून पाहिले तर त्यांच्या मध्ये फट दिसते, कारण खालचा प्रत्येक छोटा पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकलेला असतो. सेंटर बोल्ट आवळला की ही फट मिटते आणि त्यातून मुख्य पाट्यावर गाडीच्या वजनाच्या उलट दिशेचा ताण आधीच बसतो. डोळ्यांवर पीळ, ब्रेक आणि वळणांचा सगळा जोर सोसणाऱ्या मुख्य पाट्याचा भार त्यामुळे हलका होतो. कमान भरणाऱ्याने सर्व पाटे एकाच गोलाईचे करून दिले तर संच दिसायला सुबक दिसतो, एकमेकांवर छान बसतो, परंतु मुख्य पाट्याचे संरक्षण गेलेले असते. जुने पाटे देण्यापूर्वी प्रत्येकाची गोलाई कागदावर रेखून ठेवावी.

जादा पाटा घालण्याबद्दल एवढेच सांगतो की त्याने उंची मिळते, पण ताठरपणाही वाढतो. उंची गेलेल्या संचाला ताठरपणा नको होता. गाडी दणके देऊ लागते आणि चासीच्या रिव्हेटांवर, बॉडीच्या सांध्यांवर भार वाढतो.

नवे पाटे कधी आणि कसे करून घ्यावेत

पाट्यांवर खोल गंजाचे खड्डे असतील, जाडी मूळ मापापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी झाली असेल, डोळा फाकला असेल किंवा पोलाद कोणत्या प्रकारचे आहे हे समजत नसेल, तर कमान भरण्यापेक्षा नवे पाटे करून घेणेच श्रेयस्कर आहे. फार जुन्या गाड्यांचे पाटे साध्या कार्बन पोलादाचे असू शकतात आणि त्यांना आजच्या मिश्र पोलादाच्या रीतीने पाणी दिल्यास अपेक्षित गुण येत नाहीत. पाटे नेहमी अॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत.

नवा संच करून घेताना केवळ जुना पाटा नमुना म्हणून देणे ही मोठी चूक ठरते, कारण तो बसलेला आहे आणि बनवणारा त्याच बसलेल्या कमानीची नक्कल करील. पुस्तिकेतली मोकळी कमान आणि भाराखालची कमान मिळवावी. मोकळी कमान मोजण्यासाठी दोन्ही डोळ्यांच्या केंद्रांतून दोरा ताणावा आणि त्या दोऱ्यापासून सेंटर बोल्टपाशी मुख्य पाट्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर घ्यावे. याखेरीज डोळ्याच्या केंद्रापासून सेंटर बोल्टपर्यंत दोन्ही बाजूंची लांबी पाट्याच्या वळणाबरोबर मोजून, रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी न झिजलेल्या जागी, पाट्यांची संख्या, डोळ्याचा आतला व्यास, डोळा वर वळलेला की खाली, सेंटर बोल्टचा व्यास आणि त्याच्या डोक्याचे माप, क्लिपांच्या जागा, आणि प्रत्येक पाट्याच्या टोकाचा आकार, चौकोनी, कापलेला की निमुळता, हे सारे लिहून द्यावे. टोकाचा आकार हा केवळ शोभेचा भाग नाही. निमुळते टोक भार हळूहळू वरच्या पाट्यावर सोपवते, तर चौकोनी टोक एकाच रेषेवर रुतते. गाडीचा मूळपणा जपणाऱ्यांसाठी तर तो आवश्यकच आहे. पुस्तिका मिळत नसेल तर अॅक्सलवर येणारे वजन प्रत्येक चाकाखाली काटा ठेवून मोजावे, त्यातून चाके, अॅक्सल अशा पाट्याखालच्या भागांचे वजन वजा करावे आणि बंप स्टॉपपासून (अॅक्सलला फार वर येऊ न देणाऱ्या अडथळ्यापासून) किती अंतर हवे ते ठरवून तो आकडा बनवणाऱ्याला द्यावा.

संख्येने कमी पण जाड पाटे घालून तेवढाच ताठरपणा मिळवण्याची सूचना काही ठिकाणी केली जाते. त्याला मी संमती देणार नाही. पाटा जितका जाड, तितका त्याच वाकण्याला त्याच्या पृष्ठभागावरचा ताण जास्त. शिवाय थर कमी झाल्याने थरांमधले घर्षणही कमी होते. सुरुवातीच्या अनेक गाड्या उसळी आवरण्यासाठी याच घर्षणावर अवलंबून होत्या. त्यांचे हार्टफर्डसारखे घर्षणाचे शॉक अॅब्सॉर्बर त्यात थोडी भर घालत, सगळे काम करीत नसत.

उतरवताना आणि बसवताना

चासी स्टँडवर, अॅक्सल ट्रॉली जॅकवर, आणि ब्रेकच्या लवचिक नळीवर ताण येणार नाही याची काळजी, ही तयारी झाल्याशिवाय यू-बोल्टला हात लावू नये. संच सुटा करताना सेंटर बोल्ट काढण्यापूर्वी दोन मजबूत जी-क्लॅम्प लावावेत आणि बोल्ट काढल्यानंतर ते आळीपाळीने थोडे थोडे सैल करावेत. त्या संचात साठलेली शक्ती बोटे मोडण्यास पुरेशी असते.

पुन्हा बसवताना यू-बोल्ट नवेच घ्यावेत, कारण एकदा पुरते आवळलेल्या यू-बोल्टचे आटे ताणलेले असतात. पाट्यांच्या मधल्या, पकडीखालच्या भागावर जाड रंग किंवा पावडर कोटिंग ठेवू नये. भाराखाली रंगाचा थर दबतो, सरकतो आणि यू-बोल्ट आपोआप ढिले पडतात. पाटे ठीक असूनही सेंटर बोल्ट पुन्हा पुन्हा तुटतो अशा तक्रारींमागे हेच एक साधे कारण बऱ्याचदा असते. गंज काढण्यासाठी पाटे आम्लात बुडवू नयेत आणि त्यांच्यावर विजेने जस्ताचा मुलामा चढवू नये. या दोन्ही क्रियांत हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि पाटा काहीही पूर्वसूचना न देता तडकू शकतो. ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने साफ करून पातळ रंग द्यावा.

पुढच्या अॅक्सलवर पाटा आणि बैठक यांच्यामध्ये पाचर असेल तर तिची दिशा खूण करून ठेवावी. तिच्यावर चाकांचा कॅस्टर (चाक वळते त्या अक्षाचा पुढे-मागे कल) अवलंबून असतो आणि ती उलटी बसली तर स्टिअरिंग भरकटू लागते.

आता बुशांकडे, म्हणजे डोळ्यात पिनेभोवती बसणाऱ्या नळ्यांकडे, वळतो, कारण गाडी पुन्हा पुन्हा खाली येण्याचे हे आणखी एक मोठे कारण आहे आणि त्याचा दोष नेहमी पाट्यावर येतो. सायलेंटब्लॉक प्रकारच्या बुशात रबर आतल्या नळीला चिकटलेले असते आणि ते फिरत नाही, पिळले जाते. गाडी उचललेली, अॅक्सल लोंबकळलेली असताना पिनांचे नट घट्ट आवळले तर बुश त्या स्थितीत कायम होतो. गाडी खाली उतरवली की रबरात पीळ भरतो आणि तो पीळ गाडीला थोडा वर धरून ठेवतो. मालकाला वाटते, उंची छान आली. पुढे काही आठवड्यांत रबर फाटते किंवा सैल होते, उंची जाते आणि नव्या पाट्याला नावे ठेवली जातात. म्हणून नट हाताने लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, तिला दोन-चारदा दाबून खाली-वर करावी, नेहमीचे वजन आत ठेवावे आणि मगच नट पूर्ण आवळावेत. रबरी बुश बसवताना खनिज तेल किंवा ग्रीस वापरू नये, त्याने रबर फुगते. साबणाचे पाणी पुरेसे आहे.

पितळी किंवा ब्राँझ बुश आणि ग्रीसच्या पिना असलेल्या गाडीत वेगळी अडचण असते. गाडी चाकांवर उभी असताना ग्रीस मारले तर ते पिनच्या बिनभाराच्या बाजूनेच बाहेर येते आणि भार असलेली बाजू कोरडीच राहते. चासी उचलून पिनेवरचा भार काढावा आणि मग ग्रीस भरावे.

शॅकलकडेही एकदा नीट पाहावे. पाटा सपाट होताना त्याची दोन डोळ्यांमधली लांबी वाढते आणि शॅकल त्या वाढीला जागा देते. कमान प्रमाणाबाहेर वाढवली की शॅकल उलट्या बाजूला झुकते, चासीला टेकते आणि एखाद्या मोठ्या उसळीत उलटून अडकते. त्यानंतर पाटा दबूच शकत नाही. गाडी भाराखाली उभी असताना शॅकलला दोन्ही बाजूंना हलायला जागा उरली पाहिजे.

पाट्यांच्या थरांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस द्यावे. परंतु थरांमध्ये रबर किंवा अन्य पट्ट्या असतील तर तेथे ग्रीस वर्ज्य समजावे. जुन्या गाड्यांवरची चामड्याची आवरणे फाटली असतील तर नवी शिवून घ्यावीत, कारण आत ग्रीस धरून ठेवणे आणि पाणी बाहेर ठेवणे ही दोन्ही कामे त्यांच्याकडे आहेत.

आडवे आणि पाव पाटे

वरचे बरेचसे विवेचन चासीच्या लांबीला समांतर असलेल्या अर्धलंबवर्तुळाकार पाट्यांचे आहे. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये पुढे आणि मागे प्रत्येकी एकच पाटा आडवा बसवलेला असतो, त्यामुळे तेथे ‘डावा पाटा बसला’ असे होत नाही. गाडी कलली तर एका अंगाचा पाटा तुटला आहे का, मधली पकड सरकली आहे का आणि शॅकलांच्या बुशा झिजल्या आहेत का ते पाहावे. ऑस्टिन सेव्हनमध्ये पुढे आडवा पाटा आणि मागे पाव पाटे (नेहमीच्या पाट्याच्या निम्मे, एकाच टोकाला पकडलेले) असतात. पाव पाट्याचे जाड टोक चासीला घट्ट पकडलेले असल्यामुळे तेथील बोल्ट थोडेही ढिले झाले तर अॅक्सलच्या टोकाला तो सैलपणा कितीतरी पटीने वाढून दिसतो, म्हणून कमान तपासण्याआधी ती पकड तपासावी.

ज्या गाड्यांमध्ये मागची अॅक्सल केवळ पाट्यांनीच जागेवर धरलेली असते, त्यांत इंजिनाचा आणि ब्रेकचा सगळा पीळ पाट्यांनाच सोसावा लागतो. अशा गाडीत गिअर टाकून निघताना मागची चाके थरथरत असतील तर पाट्याचा पुढचा अर्धा भाग, म्हणजे स्थिर डोळ्यापासून अॅक्सलपर्यंतचा भाग, तपासावा. तेथील क्लिप नसणे किंवा पुढचा बुश गेलेला असणे ही नेहमीची कारणे आहेत.

बसवल्यानंतर

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, आलटून पालटून, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळावेत, आणि सुमारे पाचशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे पाहून घ्यावे, कारण तेल लावलेल्या आट्यावर त्याच टॉर्कने बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. चारही कोपऱ्यांची उंची पाटे बसवल्यावर लगेच, पाचशे किलोमीटरनंतर आणि त्यापुढे दरवर्षी, वर सांगितलेल्या दाबून-उचलून पद्धतीने मोजून वहीत लिहावी. नवे पाटे पहिल्या काही शेकडो किलोमीटरमध्ये थोडे बसणे स्वाभाविक आहे. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या आणि मग थांबल्या, तर काही करण्याची आवश्यकता नाही. एकच बाजू बसत राहिली, तर त्या बाजूचा प्रत्येक पाटा सुटा करून त्याचा कठीणपणा मोजून घ्यावा आणि तो आकडा घेऊनच बनवणाऱ्याकडे जावे.